संकटात एकी, नंतर बेकी : काही गैरसमज

२००५ साली आठ आठवड्यांच्या आत तीन शहरांची घडी मोडली. ७ जुलैला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यांत ५२ जण मारले गेले. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या पावसाने राज्यभरात हजारावर माणसे नेली. २९ ऑगस्टला कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले, न्यू ऑर्लीन्सचे पूरबंधारे फुटले आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेले.

या तिन्ही ठिकाणी माणसे कशी वागली, याच्या बारीक नोंदी पुढे झाल्या. त्या वाचताना जाणवते की या बाबतीतले आपले ज्ञान बहुतांशी सिनेमातून आले आहे. एक किंकाळी, मग सगळे सैरावैरा, कोणी कोणाचे नाही. याच्या अगदी उलट दुसरी एक गोड समजूतही आपण बाळगतो, की संकट माणसांना कायमचे जोडून जाते. दोन्ही समजुती निरुपद्रवी असत्या तर त्यांवर लिहिण्याचे कारण नव्हते. पण नियंत्रण कक्षात बसलेल्यांच्या आणि पुनर्वसनाचे नकाशे काढणाऱ्यांच्या डोक्यातही त्याच असतात, आणि त्यांची किंमत आपत्तीत सापडलेली माणसे मोजतात.

गैरसमज : भीती वाटली की माणसाचे भान सुटते

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांनी सरकारला बजावले होते की, हवाई हल्ले सुरू झाले की मानसिक रुग्णांची संख्या तीस-चाळीस लाखांवर जाईल. तयारीही तशी झाली. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले, आणि तो लोंढा काही आला नाही. रिचर्ड टिटमस यांनी १९५० मध्ये लिहिलेल्या युद्धकाळाच्या सरकारी इतिहासात हे सविस्तर नोंदवले आहे. लोक घाबरले नव्हते असे नाही. झोपा उडाल्या होत्या, हात थरथरत होते. पण भीती वाटणे वेगळे आणि भान सुटणे वेगळे. घाबरलेला माणूस सहसा शेजाऱ्याचे दार वाजवतो, म्हातारीला खांद्यावर घेतो, पोरांची डोकी मोजतो.

पुढे अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्झ आणि एन्रिको क्वारंटेली या समाजशास्त्रज्ञांनी हाच विषय आयुष्यभर लावून धरला. क्वारंटेली यांनी तर १९५०च्या दशकातच सैरभैर पळापळीचे नमुने शोधायला घेतले. त्यांना ते फार थोडे सापडले. जे सापडले त्यांत माणसांना वाट बंद होत असल्याचे दिसत होते, म्हणून ती धावत होती. त्यांच्या जागी तुम्ही-आम्हीही धावलो असतो.

लंडनच्या स्फोटांत वाचलेल्यांच्या हकिकती ससेक्स विद्यापीठाच्या जॉन ड्रुरी यांच्या गटाने जमवल्या. अंधार, धूर, बोगद्यात अडकलेला डबा, मदत कधी येईल याचा पत्ता नाही. अशा डब्यात लोकांनी अनोळखी माणसांच्या जखमा बांधल्या, पाणी वाटून घेतले, बाहेर पडताना एकमेकांना पुढे जाऊ दिले. स्वार्थी वागण्याच्या नोंदी तुरळक निघाल्या. ड्रुरी यांचे म्हणणे असे की, संकट सर्वांवर सारखेच आल्यामुळे क्षणापूर्वी एकमेकांकडे न बघणारे प्रवासी ‘आपण सगळे’ झाले आणि मदत त्यातून आली. हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. २६ जुलैच्या रात्री रुळांवरून, हायवेवरून चालत घरी निघालेल्या लोकांना बाजूच्या वस्त्यांनी चहा पाजला, बिस्किटे दिली, आसरा दिला. छातीभर पाण्यात दोर धरून अनोळखी माणसांना पलीकडे नेले. ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरले होते, त्यांतलेही कित्येक त्या दोराला हात लावून उभे होते.

मग चेंगराचेंगरीचे काय? हा प्रश्न रास्त आहे. २५ जानेवारी २००५ रोजी शाकंभरी पौर्णिमेला साताऱ्याजवळच्या मांढरदेवीच्या गडावर सुमारे ३०० भाविक मेले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण गेले. अशा बातमीत ‘घबराट पसरली’ हे शब्द हमखास असतात. पण गर्दीचा अभ्यास करणारे आधी चौरस मीटरमध्ये किती माणसे होती ते विचारतात. ती पाच-सहाच्या पुढे गेली की माणसाला स्वतःच्या मर्जीने पाऊल टाकता येत नाही. गर्दी पाण्यासारखी हेलकावते. अशा ठिकाणी बहुतेक मृत्यू पायाखाली तुडवले जाऊन होत नाहीत. छातीवर चहूबाजूंनी दाब येतो आणि उभ्या-उभ्याच श्वास कोंडतो. मागच्याला पुढचे काही दिसत नसते, त्यामुळे तो नेहमीसारखाच पुढे सरकत राहतो. तेव्हा दोष जिन्याच्या रुंदीत, निसरड्या पायऱ्यांत, एकाच वाटेने दोन्हीकडची माणसे सोडण्यात शोधावा लागतो. ‘घबराट’ म्हटले की ही शोधाशोध टळते. मेलेल्यांच्याच माथी दोष मारता येतो. इंग्लंडमध्ये १९८९ साली हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानात ९७ जणांचा बळी घेणारी दुर्घटना घडली, तिचे खापर असेच प्रेक्षकांवर फोडले गेले होते. ते प्रेक्षक दोषी नव्हते हे ज्यूरीने सांगायला २०१६ साल उजाडले.

नियमाला अपवाद आहे, तोही सांगून टाकतो. २६ जुलैनंतर दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत रात्री धरण फुटल्याची, त्सुनामी येत असल्याची आवई उठली. अरुंद गल्ल्यांत पळापळ झाली आणि माणसे चेंगरून मेली. पण ती परिस्थिती बघा. सात महिन्यांपूर्वीची त्सुनामी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेली, दोन दिवसांपूर्वीचे पाणी अंगावरून गेलेले, आणि खरी माहिती देणारे रात्री कोणी नाही. अफवा अशाच रिकाम्या जागेत वाढते. ‘लोक घाबरतील’ म्हणून माहिती दाबून ठेवणे ही नेहरूनगरसारख्या रात्रीची पूर्वतयारी असते.

गैरसमज : पोलीस हलले की लूटमार सुरू होते

न्यू ऑर्लीन्सच्या बातम्यांत तेव्हा बलात्कार, खून, हेलिकॉप्टरवर गोळीबार असे सगळे होते. खुद्द महापौर आणि पोलीसप्रमुख टीव्हीवर तसे सांगत होते. वादळानंतर तिसऱ्या दिवशी महापौरांनी सुमारे १५०० पोलिसांना शोध आणि बचावाचे काम सोडून लूटमार थांबवायला पाठवले. छपरांवर माणसे अडकलेली असताना. नंतरच्या तपासात त्या भयंकर बातम्यांपैकी बहुतेकांना आधार सापडला नाही. काही दुकाने फुटली हे खरे. त्यांतून टीव्ही गेले तसे पाणी, दूध आणि लंगोटही गेले. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, दोघे मेले, चौघे जखमी झाले. अमेरिकन अभ्यासकांनी या प्रकाराला वरच्या थराची घबराट म्हटले आहे. सामान्य माणूस बिथरेल या भीतीने अधिकारपदावरचा माणूसच आधी बिथरतो.

गैरसमज : दुसऱ्या दिवशी लोकल भरून वाहिली, म्हणजे शहर सावरले

११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. रुळांलगतच्या झोपड्यांतून लोक चादरी घेऊन धावले आणि त्या चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमी हलवले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरून चालल्या, आणि वर्तमानपत्रांनी ‘मुंबई स्पिरिट’ला सलाम ठोकला.

चादरी घेऊन धावणे हे खरेच आत्मीयतेचे होते. दुसऱ्या दिवशी कामावर जाणे मात्र पुष्कळांसाठी हजेरीचा, रोजंदारीचा, घराच्या हप्त्याचा प्रश्न होता. दोन्ही एकाच ‘स्पिरिट’च्या पाकिटात घातले की सोय होते ती प्रशासनाची, लोक इतके चिवट असतील तर त्यांना आणखी काही द्यायला नको. ‘स्पिरिट’ या शब्दावर मुंबईकर चिडतो तो म्हणूनच, आणि त्याचे चिडणे शास्त्रालाही धरून आहे. आपत्तीनंतर बहुतेक माणसे गंभीर मानसिक आजाराशिवाय सावरतात हे खरे आहे. जॉर्ज बोनॅनो यांच्या गटाने सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी न्यूयॉर्क परिसरात पाहणी केली, तेव्हा सुमारे ६५ टक्के लोकांमध्ये आघाताची लक्षणे जवळजवळ नव्हती. पण हल्ल्याची झळ जितकी जवळून बसली, तितके हे प्रमाण कमी होत गेले. शहराची सरासरी काढली की ज्याने डब्यात सोबती गमावला तो त्या आकड्यात दिसेनासा होतो. तो कामावर जातो, गाडीत चढतो आणि दाराशी उभा राहतो, आत शिरत नाही.

गैरसमज : संकटात जुळलेली एकी टिकते

इथे थोडे थांबायला हवे, कारण महाराष्ट्राला याचा सर्वांत मोठा धडा किल्लारीने दिला आहे.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन उरकून माणसे उशिरा निजली होती. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे त्यांच्यावर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ-दहा हजार माणसे गेली. पहिले काही तास ढिगारे उपसले ते वाचलेल्यांनी आणि शेजारच्या गावांनी, टिकाव-फावड्यांनी आणि हातांनी. जगात बहुतेक भूकंपांत असेच होते. १९९५ साली जपानमधल्या कोबेत ६४०० हून अधिक माणसे मेली. तिथेही ढिगाऱ्यांतून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढले होते. शेजारी कोणत्या खोलीत झोपतो, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते.

त्यानंतरचे काही आठवडे एक विलक्षण काळ असतो. जात, भावकी, बांधावरचे भांडण, सगळे बाजूला पडते. एका चुलीवर दहा घरांचे शिजते. ज्याचे सगळे गेले तोही दुसऱ्याचे अश्रू पुसतो. अमेरिकी आपत्ती-मानसशास्त्राच्या पुस्तिकांत याला मधुचंद्राचा काळ म्हणतात. नाव मला पटत नाही, पण त्यानंतर भ्रमनिरासाचा काळ येतो असे त्यांनी म्हटले आहे ते मात्र पटते. पाहुणे परततात, वर्तमानपत्रे दुसऱ्या बातमीकडे वळतात, आणि पंचनाम्याच्या याद्या चावडीवर लागतात. कोणाचे घर ‘पूर्ण पडझड’मध्ये, कोणाचे ‘अंशतः’मध्ये. मावेजा कोणाच्या नावावर निघाला, थोरल्याच्या की धाकट्याच्या? विधवेच्या की सासऱ्याच्या? दुःख सर्वांचे सारखे होते, यादी मात्र सारखी नसते. एकी पहिल्यांदा तडकते ती इथे. त्यामागे माणसांचा स्वार्थ असतोच, पण यादी कोणत्या नियमाने झाली हे कोणी समजावून सांगितलेले नसते, हे त्याहून मोठे कारण असते.

किल्लारी भागात दुसरा तडा नकाशातून गेला. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली. ती लोकांवर लादली असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्या जागेची धास्ती बसलेल्या लोकांनीच नवी जागा मागितली होती. अरुंद गल्ल्यांत माणसे अडकून मेली होती, त्यामुळे रुंद रस्ते हवे होते. घरे जमिनीच्या मालकीप्रमाणे ठरली : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या खातेदारांना ७५०. आराखडा शहरातल्या कॉलनीसारखा सरळ रेषांचा, चौकोनी. जुन्या गावाच्या कितीतरी पट जागेवर तो पसरला. कागदावर यात काही चूक काढता येत नाही. पण जुन्या गावात ओसरीवर बसले की समोरच्या ओसरीशी बोलता येत होते. अंगणात भाकऱ्या थापता थापता शेजारणीचे तान्हे नजरेखाली राहत होते. माणसे एकमेकांवर लक्ष ठेवत होती ते कोणी ठरवून नव्हे, अंतर कमी होते म्हणून. नव्या गावात हे अंतर वाढले. जिच्या घरातली चार माणसे गेली आहेत, तिच्या दारावरून दिवसभरात कोणी जाणारच नसेल, तर ती जेवली की नाही हे कोणाला कळणार?

हे सगळे अमेरिकेत आधीच घडून गेले होते. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक या खाणकामगारांच्या दरीत कोळशाच्या कचऱ्याचा बांध फुटला, १२५ माणसे मेली आणि पाच हजारांतली चार हजार बेघर झाली. सरकारने फिरत्या घरांच्या छावण्या तातडीने उभ्या केल्या आणि ‘आधी येईल त्याला आधी’ या तत्त्वावर घरे दिली. तत्त्व निःपक्षपाती होते. शेजारी मात्र विखुरले. समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सन यांनी वाचलेल्यांशी बोलून १९७६ मध्ये पुस्तक लिहिले आणि त्यात एक महत्त्वाचा भेद केला. पुराने माणसाच्या मनाला बसलेला धक्का वेगळा, आणि माणसामाणसांतला धागा तुटल्याचा धक्का वेगळा. दुसरा हळूहळू जाणवतो आणि पहिला भरून येऊ देत नाही.

कोबेतही तेच झाले. तात्पुरती घरे देताना वृद्ध आणि अपंगांना प्राधान्य देऊन सोडत काढली. हेतू चांगला, पण त्यातून अनोळखी म्हाताऱ्यांच्या वसाहती तयार झाल्या आणि एकटे मरून कित्येक दिवस कोणाला न कळलेल्या माणसांच्या बातम्या येऊ लागल्या. जपानी प्रशासन त्यातून शिकले. ऑक्टोबर २००४ मध्ये निगाता भागात भूकंप झाला तेव्हा यामाकोशी हे डोंगरातले अख्खे गाव हलवावे लागले. त्या वेळी तात्पुरत्या वसाहतीत वाड्या-वाड्यांचे लोक शेजारी-शेजारीच ठेवले. खर्च फारसा वाढला नाही; घरे वाटायच्या आधी कोण कोणाच्या शेजारी राहत होते, एवढे मात्र विचारावे लागले.

गैरसमज : पूर काय, भूकंप काय, स्फोट काय; दुःख सारखेच

कारण निसर्ग असेल तर राग कोणावर काढायचा हा प्रश्न येत नाही. कारण माणूस असेल तर दुःखात संताप मिसळतो, आणि तो बाहेर जायला वाट मिळाली नाही की समूहाच्या आत फिरतो. १९८९ साली एक्सॉन वाल्देझ जहाजातले तेल अलास्काच्या किनाऱ्यावर सांडले, त्यात एकही घर पडले नाही. पण कॉर्डोव्हा या मासेमारी करणाऱ्या गावात मनस्ताप, नैराश्य आणि आपसातली कटुता वर्षानुवर्षे टिकली. काहींनी साफसफाईसाठी कंपनीला बोटी भाड्याने देऊन बक्कळ पैसा केला, काहींनी त्या पैशाला हात लावला नाही, आणि दोन्ही बाजू एकमेकींकडे संशयाने पाहू लागल्या. खटला वीस वर्षे चालला. ज्यूरीने १९९४ मध्ये ठोठावलेली ५ अब्ज डॉलरची दंडात्मक भरपाई सर्वोच्च न्यायालयात २००८ साली सुमारे ५० कोटींवर आली. तोवर मूळ तक्रारदारांतले अनेक जण वारले होते. निकालाची वाट पाहणे हीच तिथली दुसरी आपत्ती होती, असे अभ्यासक म्हणतात.

पुण्याच्या जुन्या पेठांतली माणसे १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुराबद्दल बोलताना पाण्याची उंची सांगतात तसेच ‘धरण फुटू कसे दिले’ हेही विचारतात. तो प्रश्न साठ वर्षांनीही विझलेला नाही. नदीकाठच्या वाड्यांतली बिऱ्हाडे तेव्हा गोखलेनगर, सहकारनगरसारख्या नव्या वसाहतींत गेली आणि शहराची वीण कायमची बदलली.

गैरसमज : घट्ट समूह म्हणजे सर्वांचे भले

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डॅनियल आल्ड्रिच यांनी २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर काम केले. ज्या मच्छीमार गावांची जातपंचायत भक्कम होती, त्यांना मदत लवकर आणि जास्त मिळाली, कारण याद्या करणारे आणि अधिकाऱ्यांशी बोलणारे लोक तिथे तयार होते. पण त्याच पंचायतींच्या याद्यांतून दलित, विधवा, गावात उपरे असलेले लोक गळले. गाव जितके एकजीव, तितकी बाहेरच्यासाठी भिंत उंच. ‘गावाने ठरवले’ असे कोणी सांगितले की कोणत्या गावाने, हे म्हणूनच विचारावे.

गैरसमज : तातडीने सगळ्यांना बोलते करा, मन मोकळे होईल

एकेकाळी आपत्तीनंतर लगेच एकच बैठक घेऊन प्रत्येकाकडून घडलेले सगळे वदवून घेण्याची पद्धत जगभर चालली. २००२च्या कॉक्रेन आढाव्यात तिच्यामुळे आघाताचा आजार टळल्याचा पुरावा सापडला नाही. एका चाचणीत तर तोटाच दिसला. आता जागतिक आरोग्य संघटना मानसिक प्रथमोपचार सुचवते : सुरक्षित जागा, अन्नपाणी, आप्तांशी गाठ घालून देणे, खरी माहिती, आणि ज्याला बोलायचे असेल त्याचे ऐकणे. ज्याला गप्प बसायचे असेल त्याला बसू देणे. आपल्याकडे सुतकाच्या घरी लोक येतात, फार बोलत नाहीत, पिठलं-भात पाठवतात, त्यात हे बरेचसे येते.

आणखी एक गोष्ट अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे येते. ज्याला करायला काम मिळते, तो लवकर उभा राहतो. मदत घेणाऱ्यांच्या रांगेतून त्याची सुटका होते. किल्लारीनंतर दुरुस्ती-मजबुतीच्या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावागावांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, भिंतीत लोखंडी पट्टी कुठे घालायची, गवंडी फसवतोय का, हे या बायका घरोघरी जाऊन सांगू लागल्या. लग्नानंतर परक्या गल्लीत पाऊल न टाकलेल्या बाया तलाठ्याला हिशेब विचारू लागल्या. जानेवारी २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर भागातल्या काही जणी तिकडे गेल्या, आणि घर बांधताना काय बघायचे, सरकारला काय विचारायचे, हे त्यांनी तिथल्या बायकांना सांगितले.